९० टक्के लसीकरण, तरी गोवर कसा? साथ आणि अफवा पसरण्याचं गणित

बालाघाटी

तालुक्याचा अहवाल सांगतो, ९० टक्के लेकरांना गोवर-रुबेलाची लस झाली. तरी एखाद्या तांड्यावर नाहीतर साखर कारखान्याच्या तळावर गोवर निघतोच, आणि दुसऱ्या दिवशी "लसच बोगस होती" असा मेसेज फिरतो. लसीला दोष देण्याआधी हिशेब करून बघू.

गोवराचा आर-शून्य १२ ते १८ धरतात. म्हणजे कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत एक आजारी लेकरू सरासरी इतक्यांना रोग देतं. मधला आकडा १५ घ्या. साथ विझायची तर एकाने एकापेक्षा कमी लेकरांना दिला पाहिजे, म्हणजे १५ पैकी १४ सुरक्षित हवीत. ९३.३ टक्के. इथे सुरक्षित म्हणजे नुसतं टोचलेलं नव्हे. नवव्या महिन्यातला एक डोस साधारण ८५ टक्के लेकरांत लागू पडतो. ९० टक्क्यांना एकच डोस झाला असेल तर सुरक्षित झाली ७६.५ टक्के. उरलेल्या २३.५ टक्क्यांना १५ ने गुणा, ३.५ येतो. हा त्या वस्तीतला प्रत्यक्ष आर. साथ आरामात चालते. ९५ टक्क्यांना दोन्ही डोस झाले, दोन डोसांचा परिणाम ९७ टक्के धरला, तरी उत्तर १.२ च्या आसपास येतं. गोवर इतका चिवट आहे.

पण खरा घोळ पुढे आहे. सोयीसाठी लस शंभर टक्के लागू पडते असं समजा. तालुक्यात १०,००० लेकरं, ९,००० टोचलेली, १,००० राहिलेली. राहिलेली सगळीकडे सारखी विखुरली असतील तर १५ गुणिले ०.१०, म्हणजे १.५. आता असं समजा की त्या १,००० पैकी ६०० लेकरं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली आहेत आणि अशा घरांतली एकूण लेकरं १,००० आहेत. कोप्यांच्या (फडाजवळच्या झोपड्यांच्या) त्या गर्दीत आकडा होतो ९. उरलेल्या गावांत ९,००० मध्ये ४०० राहिलेली, तिथे ०.६७. तालुक्याची सरासरी दोन्ही मांडणींत ९० टक्केच. एका ठिकाणी वणवा, दुसऱ्या ठिकाणी ठिणगी पडून विझते. ही उदाहरणाची आकडेमोड आहे, पण बीड, धारूर, केज, पाटोद्याकडे गणिताचा आकार हाच असतो.

साधी_शंका

ऊसतोडीच्या घरांतलीच लेकरं का सुटतात? आशाताई तर घरोघर फिरतात.

बालाघाटी

कॅलेंडर मांडून बघा. पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलला परततात. जानेवारी ते जून या काळात जन्मलेल्या लेकराचा नववा महिना ऑक्टोबर ते मार्चमध्ये भरतो, म्हणजे नेमका फडावर असताना. गावातलं सत्र महिन्यातल्या ठरलेल्या वारी होतं, तिथे नाव आहे पण लेकरू नाही. फडाकडच्या उपकेंद्रात लेकरू आहे पण यादीत नाव नाही.

दुसरं कारण लहान आहे पण फार नडतं. या लसीच्या कुपीत अनेक डोस असतात. पावडरीत द्रव मिसळला की ४ तासांत वापरायची, उरलेली फेकायची. पोलिओची उघडी कुपी पुढच्या सत्राला चालते, ही चालत नाही. त्यामुळे कोप्यांवरचं एकच लेकरू आलं की "पुढच्या खेपेला या" म्हटलं जातं. नियम सांगतो की एका लेकरासाठीही कुपी उघडायची. वाया गेलेले डोस हिशेबात धरलेलेच असतात. पुढच्या खेपेला ती टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते.

आकडेमोड

वरच्या हिशेबात एक भर. टोळ्यांतली लेकरं तळावर एकमेकांतच मिसळतात, हे गृहीत त्यात दडलेलं आहे. खरं मिसळणं त्याहून जास्त असतं, बाजाराला सगळेच जातात. म्हणून ०.६७ वाल्या गावांतही तळावरून पुन्हा पुन्हा ठिणग्या येत राहतात, आणि ४-५ रुग्णांचे तुटक घोळके दिसतात.

हे गणित जुनं आहे. सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ ला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहणारे रोनाल्ड रॉस यांनीच पुढे मांडलं की हिवताप संपवायला शेवटचा डास मारावा लागत नाही, संख्या एका मर्यादेखाली आणली की पुरतं. १९२७ साली कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी निरोगी, आजारी, बरे झालेले अशा तीन कप्प्यांचं समीकरण लिहिलं. ते पडताळायला त्यांनी आकडे घेतले मुंबईचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधल्या प्लेगच्या मृत्यूंचे. गंमत अशी की प्लेग मुळात उंदरांचा रोग, माणसातली साथ ही उंदरांतल्या साथीची सावली. हे त्यांनी स्वतःच नोंदवलंय. तरी जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तीच आपली मुंबईची घंटेसारखी रेघ छापून येते.

साधी_शंका

हा आर गावपातळीवर मोजता येतो का? की ते फक्त पुण्या-मुंबईच्या संगणकावर?

आकडेमोड

वहीवर येतो. पुरळ किंवा ताप कोणत्या तारखेला सुरू झाला ते प्रत्येक रुग्णासमोर लिहा. दवाखान्यात नोंद झाली ती तारीख घेऊ नका. इथे हमखास चूक होते, कारण आठवडी बाजाराच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी फुगते आणि रविवारी रिकामी असते. नोंदीच्या तारखांचा आलेख काढला तर साथीऐवजी बाजाराचे चढउतार दिसतात.

मग चौकटीच्या कागदावर दर दिवसाला एक रांग, दर रुग्णाला एक चौकट. रुग्ण किती दिवसांत दुप्पट झाले ते बघा. एका रुग्णापासून दुसऱ्यापर्यंतचं सरासरी अंतर भागिले दुपटीचे दिवस, गुणिले ०.६९, त्यात १ मिळवा. अंतर ५ दिवस आणि दुप्पट ४ दिवसांत, तर १.८६. ढोबळ आहे, पण चढतंय की उतरतंय ते कळतं. शेवटच्या ४-५ दिवसांच्या रांगा नेहमी बुटक्या दिसतात, कारण ते रुग्ण अजून दवाखान्यात पोचलेलेच नसतात. त्यावरून "साथ ओसरली" असं पत्रक काढू नये. तरी काढतात.

गोवरात हे आणखी सोपं. पिढ्यांमध्ये १० ते १४ दिवसांचं अंतर असतं, त्यामुळे आलेखावर वेगवेगळे ढीग दिसतात. पहिल्या ढिगात २, दुसऱ्यात ९ असतील तर आर साडेचार. आणि पुरळ येण्याच्या ४ दिवस आधीपासून लेकरू रोग देत असतं, त्यामुळे पुरळ दिसल्यावर वेगळं ठेवून अर्धंच काम होतं.

टीसीएल_पावडर

धागा उत्तम, पण आर काढण्याआधीची पायरी राहिली. रोग माणसातून माणसात चाललाय, की सगळ्यांनी एकाच ताटातून घेतलाय? दुसऱ्या प्रकारात आर काढणंच चूक.

आपल्याकडचं ठरलेलं उदाहरण म्हणजे भगर. एकादशी, महाशिवरात्र, नवरात्र आलं की परभणी, हिंगोली, नांदेड, बीडकडून बातमी येतेच: भगर खाऊन इतक्यांना उलट्या, चक्कर, थरथर. एकाच रात्री तीन-चार गावांत. लोक "साथ आली" म्हणतात, पण आलेख काढा. एकच उभा सुळका, आदल्या दिवशी शून्य, दोन दिवसांनी पुन्हा शून्य. माणसातून पसरणाऱ्या रोगाचा आलेख असा नसतो, तो ढिगाढिगाने चढतो.

आता दोषी कोण ते काढायची रीत. समजा १०० जण जेवले, ४९ आजारी. बहुतेक तपासणारे फक्त आजाऱ्यांना विचारतात आणि तिथेच फसतात. ४५ जण म्हणाले भगर खाल्ली, ३९ म्हणाले शेंगदाण्याची आमटी खाल्ली. दोन्ही संशयित! मग न आजारी पडलेल्या ५१ जणांनाही विचारा. भगर खाणारे ६०, त्यातले ४५ आजारी, ७५ टक्के. न खाणारे ४०, त्यातले ४ आजारी, १० टक्के. साडेसात पट. आमटी खाणारे ७०, आजारी ३९, म्हणजे ५६ टक्के. न खाणारे ३०, आजारी १०, म्हणजे ३३ टक्के. पावणेदोन पटही नाही. आमटी बदनाम झाली कारण भगर खाणाऱ्याने तीच वर ओतून घेतली. शंका उरली तर ज्यांनी आमटी खाल्ली पण भगर नाही, तेवढेच वेगळे मोजा.

भगरीत घोटाळा होतो तो ओल लागून वाढलेल्या बुरशीच्या विषाने. शिजवल्याने बुरशी मरते, विष जाईलच असं नाही. म्हणून सुटं पीठ घेऊ नये, पाकीटबंद भगर निवडून, धुऊन, लागेल तेवढीच घरी दळावी. उरलेली भगर रागाने उकिरड्यावर फेकू नका. पाकीट आणि दुकानाची पावती यांच्यासकट बंद डब्यात ठेवा, अन्न व औषध प्रशासनाला नमुना तोच लागतो.

मांजराकाठ

पाण्याचंही लिहा ना. पावसाळ्यात दरवर्षी गॅस्ट्रो. टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकलं असं ग्रामपंचायत सांगते, तरी लागण होते.

टीसीएल_पावडर

टाकतात, पण कसं? पोतं उघडं, गोदामात ओल, पत्रा तापलेला. ताज्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असतं, असं ठेवलं तर महिन्याभरात बरंच उडून जातं आणि हातात चुना उरतो.

विहिरीचा हिशेब मीटरमध्ये: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, गुणिले ०.७८५, गुणिले १,०००. तेवढे लिटर. ३ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी म्हणजे साधारण २१,२०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे ५३ ग्रॅम चांगली पावडर. बादलीत आधी थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, मग पाऊण बादली पाणी, ५-१० मिनिटं निवळू द्या. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन पोहऱ्याने विहिरीत खालपर्यंत हलवा, तळाचा चुना फेकून द्या. पावडर काठावरून भिरकावली तर ती वरच तरंगते. एक तास थांबा, मग ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलं ते रंगावरून बघायचं. पिवळा रंग आला आणि पट्टीवर ०.५ (लिटरला मिलिग्रॅम) दिसलं तर ठीक. विहीर गढूळ असेल तर अडीच ग्रॅमने काहीच होत नाही, मातीच क्लोरीन खाते.

आणि नळयोजनेत विहिरीपाशी ०.५ येतं, शेवटच्या नळाला शून्य येतं. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गटाराचं पाणी साचलेलं असतं, नळ बंद झाला की पाइप ते आत ओढतो. चाचणी शेवटच्या नळाला करा.

रांजण_रिकामा

पाण्यावरून डेंग्यू. मराठवाड्यात डेंग्यू दुष्काळाचाही रोग आहे, हे बाहेरच्यांना पटत नाही. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. जिथे नळ ८-१० दिवसांनी येतो तिथे प्रत्येक घरी दोन-तीन २०० लिटरचे बॅरल, रांजण, सिंटॅक्स. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडेपर्यंत लागतात ७ ते १० दिवस. नळाचं चक्र आणि डासाचं चक्र अगदी जुळतं.

"आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा" ही सूचना इथे बसत नाही. शुक्रवारी बॅरल ओता म्हणाल आणि पाणी मंगळवारी येणार असेल, तर कोणती बाई ओतेल? नळ यायच्या दिवशी सकाळी, बॅरल तळाला गेलेलं असतं तेव्हा घासायचं. नुसतं पालथं घालून चालत नाही. अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर आतल्या भिंतीला चिकटलेली असतात, काळ्या रव्यासारखी. कोरडी महिनोन्महिने टिकतात, नवं पाणी रेषेपर्यंत चढलं की फुटतात. म्हणून काथ्या किंवा तारेच्या घासणीने कडा घासायच्या, ते पाणी उन्हातल्या मातीवर. भरल्यावर जुनी साडी दुहेरी करून दोरीने ताणून बांधायची. मध्ये झोळ पडला तर साडीवरच पाणी साचतं.

टेमिफॉस या अळीनाशकाचे एक टक्क्याचे दाणे मिळाले तर १० लिटरला १ ग्रॅम, २०० लिटरच्या बॅरलला २० ग्रॅम. ओता-भरीत औषध निघून जातं, पुन्हा टाकावं लागतं.

धूरफवारणीचा भोंगा आला की लोकांना बरं वाटतं. धूर त्या वेळी उडणाऱ्या डासालाच लागतो. बॅरलमधल्या अळ्या पोहतच असतात, ३-४ दिवसांत नवी फौज हजर.

गोदाकाठ

रोगावर भरपूर झालं, आता अफवेकडे. दोन्ही एकत्र पाहायचे तर १९९४ घ्या. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. पुढच्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी पिसवा, मग मेलेले उंदीर, मग काखेत-जांघेत गाठा. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग, आणि लाखो माणसं आगगाड्या-बसमधून बाहेर. रोगापेक्षा भीती कितीतरी जास्त लोकांपर्यंत पोचली.

त्यातला व्यवहाराचा धडा: उंदीर पडायला लागले की पहिली प्रतिक्रिया असते उंदराचं औषध. उलटं करायचं. आधी बिळांत आणि वाटांवर पिसवांसाठी कीटकनाशक भुकटी, मगच उंदीर. उंदीर आधी मेला तर पिसवा अंग बदलतात, आणि जवळचं गरम अंग आपलं असतं.

अफवेचं गणित वेगळं आहे. १९६०च्या दशकात डेली आणि केंडॉल यांनी ते मांडलं. रोगात माणूस आपोआप बरा होतो. अफवेत सांगणारा थांबतो तो दुसऱ्याने "हे मला ठाऊक आहे" म्हटल्यावर. त्यामुळे त्यांच्या मांडणीत सुमारे २० टक्के लोकांपर्यंत अफवा कधीच पोचत नाही, कितीही चटपटीत असली तरी. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला लागले, ती बातमी फोनवरून एका दिवसात देशभर आणि परदेशात. चमच्यातलं दूध पृष्ठताणाने ओढलं जाऊन मूर्तीवरून खाली ओघळत होतं. हे स्पष्टीकरण त्या वेगाने गेलं नाही, कारण ते सांगायला कुणाला घाई नव्हती.

व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये भारतात फॉरवर्ड ५ जणांवर आणलं. त्याच महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवण्याच्या अफवेने पाच जणांचा जीव घेतला होता. ५ ही मर्यादा लहान वाटते, पण ते ५ म्हणजे तेव्हाच्या कमाल २५६ जणांचे ५ गट असले तर १,२८०. एप्रिल २०२० मध्ये अनेकदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, तेव्हा कंपनीच्या म्हणण्यानुसार असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले. तिथे खरा आर पडला.

कामगंध_सापळा

+१. पण सगळ्या कल्पना अफवेसारख्या पसरत नाहीत. फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही कपाशी शेतात ठेवून आणखी कापूस घेणं, ती बंद करण्याचं बघा.

बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि बियाणं वणव्यासारखं गेलं. शेजाऱ्याचं बोंड पाहिलं की पुरे. त्याच पिशवीत ४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅमची बिगर-बीटीची पुडी यायची, कडेने लावायला, म्हणजे बोंडअळीत विषाला न सरावलेल्या अळ्या टिकाव्यात. ती पुडी बांधावर पडून राहिली. लावणाऱ्याचं नुकसान आजचं आणि फायदा सगळ्या शिवाराचा, तोही पाच वर्षांनी. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने डोमकळ्या (न उमलणारी, मिटलेली फुलं) करून हिशेब चुकता केला.

फरदडीचंही तेच. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली तर अळीचं चक्र तुटतं. पण एकट्याने उपटून काय? शेजारची फरदड पुढच्या हंगामाचे पतंग पुरवतेच, जिनिंगजवळचा साठलेला कापूस वेगळा. असं वागणं एका ओळखीच्याने सांगून बदलत नाही, चार बाजूंच्या चार बांधकऱ्यांनी केलं तर पाचवा करतो. समाजशास्त्रज्ञ डेमन सेंटोला यांनी २०१० मध्ये १,५२८ जणांवर प्रयोग केला. ओळखी दूरदूर विखुरलेल्या जाळ्यात सुमारे ३८ टक्क्यांनी नवी सवय उचलली, घट्ट घोळक्यांच्या जाळ्यात ५४ टक्क्यांनी. रोगाला दूरची एक ओळख पुरते, सवयीला भावकी लागते. म्हणून तालुक्यात विखुरलेले ५० "प्रगतिशील शेतकरी" निवडण्यापेक्षा एका शिवारातले सलग ५० घ्या. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) एकरी दोन, सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज ८ पतंग आले की फवारणी, हा निर्णयही शिवाराने मिळून.

साधी_शंका

मग लसीची माहिती द्यायची तर सरपंचांना गाठायचं की भावकीला?

गोदाकाठ

दोन वेगळी कामं आहेत. "सत्र गुरुवारी आहे" ही बातमी, ती अफवेसारखी जाते. त्यासाठी सरपंचापेक्षा गावाला विचारा, "जत्रेची खबर पसरवायची असेल तर कुणाला सांगावं?" बॅनर्जी, चंद्रशेखर, डुफ्लो आणि जॅक्सन या अर्थतज्ज्ञांनी कर्नाटकातल्या २१३ गावांत आणि नंतर हरियाणात लसीकरणासाठी हाच प्रश्न वापरला, आणि लोकांनी सुचवलेली माणसं खरंच जास्त उपयोगी पडली. नाव बहुतेक वेळा पिठाच्या गिरणीवाल्याचं नाहीतर शिंपिणीचं निघतं, असं माझं मत.

"लस द्यायची की नाही" ही मात्र सवयीच्या जातीची गोष्ट. २७ नोव्हेंबर २०१८ ला महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली तेव्हा वंध्यत्वाच्या अफवा फिरल्या. अशा वेळी खुलाशाचं पत्रक अफवेच्याच वाक्याने सुरू करू नये, लोक तेवढंच लक्षात ठेवतात. आणि खुलासा त्याच गटात, त्याच गटातल्या माणसाकडून गेला पाहिजे.

बालाघाटी

टोळ्यांसाठी बातमी आणि सवय दोन्ही एकाच माणसापाशी येतात: मुकादम. उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) तोच देतो, कुठल्या कारखान्याला, कुठल्या गटात जायचं तेही त्यालाच माहीत. म्हणून आशांच्या वहीत भाद्रपदातच चार रकाने जास्त आखावेत: मुकादमाचं नाव आणि फोन, कारखाना, निघायची अंदाजे तारीख, आणि निघेपर्यंत लेकरू ९ महिन्यांचं होतं का. होत असेल तर सत्राची वाट न पाहता दसऱ्याआधी टोचायचं. होत नसेल तर कार्डावर देय तारीख ठळक लिहून कार्ड आईकडे, आणि कारखान्यानुसार यादी त्या भागातल्या आरोग्य केंद्राला.

साधी_शंका

आणि कार्ड कोपीत भिजलं, हरवलं तर?

बालाघाटी

मुखपृष्ठाचा आणि लसीच्या पानाचा फोटो दोन मोबाइलवर, एक बापाचा, एक मुकादमाचा. नोंद सापडलीच नाही तर डोस झालाच नाही असं धरून टोचायचं, जास्तीच्या डोसाने अपाय होत नाही. एप्रिलला परतल्यावर ५ वर्षांखालचं कुठलंही सुटलेलं लेकरू लगेच, दोन डोसांत किमान ४ आठवडे. म्हणजे दुसरा डोसही पुढच्या दसऱ्याच्या कितीतरी आधी बसतो.